बॅरिस्टर मुकुंदराव जयकर : मध्यस्थी करणारा वकील



गणेशखिंडीच्या विद्यापीठात शिकलेली मुलेमुली आपल्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत. परीक्षा जवळ आली की तेथील 'जयकर'मध्ये अभ्यासाला बसायचे, हे त्यांच्या नेहमीच्या बोलण्यात असते. परंतु ज्यांच्या नावाने हे ग्रंथालय ओळखले जाते ते जयकर कोण, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. म्हणून या रविवारी आम्ही बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या जीवनाची ओळख करून देत आहोत.

जयकर ख्रिस्ती नव्हते. ते निष्ठावंत हिंदू होते, वेदान्ताचे अभ्यासक होते आणि हिंदू संघटनेच्या चळवळीशी त्यांचा निकटचा संबंध होता. मग चर्चच्या पत्रिकेत त्यांच्याविषयी का लिहावे, असे कोणाच्या मनात येईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे शिकविले आहे. शिवाय जयकरांच्या जीवनातून पुढे येणारा प्रश्न आपल्या घराघरांतला आहे. दोन माणसे भांडत असतील तर मधे उभे राहणाऱ्याने काय करावे? आणि त्याचे कोणीच ऐकले नाही, तर त्याचे श्रम वाया गेले असे समजावे काय?

जयकरांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ रोजी झाला. १९०२ साली मुंबईत ते कायद्याची पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले, १९०५ साली लंडनला बॅरिस्टर झाले आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी मुंबईच्या सरकारी लॉ स्कूलमध्ये कायद्याचे अध्यापनही केले. पुढे १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, ती हीच संस्था. या दोघांची गाठ पुढे आणखी दोनदा पडायची होती.

कायदा शिकविणाऱ्याला एक सवय अंगी बाणवावी लागते. एकच खटला त्याला वादीच्या बाजूने समजावून द्यावा लागतो आणि प्रतिवादीच्या बाजूनेही. ज्या पक्षाचे म्हणणे आपल्याला पटत नाही, त्याचे म्हणणे त्याच्यापेक्षाही नीट मांडता आले पाहिजे. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करताना आम्हांलाही ही शिस्त लावली जात असे. संत थॉमस ॲक्वायनस प्रत्येक प्रश्नाची सुरुवात विरोधकांच्या आक्षेपांनी करतात, हे सेमिनरीत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

१३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला. सरकारने चौकशीसाठी हंटर समिती नेमली. काँग्रेसने आपली स्वतंत्र समिती नेमली. तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर जयकर होते. या समितीने सुमारे १,७०० साक्षीदारांची निवेदने तपासली आणि त्यांतील सुमारे ६५० निवडून छापली. चिडलेल्या देशात संतापाची भाषणे करणे सोपे होते. या वकिलांनी गावोगावच्या लोकांचे म्हणणे लिहून घेतले, ते पारखले आणि जे टिकणार नाही ते बाजूला ठेवले. दुःखी माणसाला न्याय मिळवून द्यायचा असेल तर आधी त्याचे म्हणणे नीट ऐकून उतरवून घ्यावे लागते, हे त्या कामातून दिसते.

त्यानंतर जयकर कायदेमंडळात गेले. मुंबईच्या कायदेमंडळात ते स्वराज्य पक्षाचे नेते होते. पुढे कायदेमंडळात राहून किती सहकार्य करावे यावरून मोतीलाल नेहरूंशी मतभेद झाले आणि जयकरांनी न. चिं. केळकर व डॉ. मुंजे यांच्यासह प्रतियोगी सहकारितेचा मार्ग धरला. सरकारने चांगले केले तर साथ द्यावी, वाईट केले तर विरोध करावा, असा त्याचा सरळ अर्थ. या काळातले त्यांचे एक काम आपण रोज पायाखाली तुडवतो. १९२७ साली देशातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. जयकर समितीने १९२८ साली अहवाल दिला. लांब पल्ल्याच्या मोटार वाहतुकीच्या रस्त्यांचा भार एकट्या स्थानिक संस्थांना पेलणार नाही, त्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घेऊन वेगळा निधी उभारावा, अशी तिची सूचना होती. त्यानुसार १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला.

आता आम्ही जयकरांच्या जीवनातील त्या प्रसंगाकडे येतो, जो सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्याला सर्वपक्षीय परिषद भरली. भावी राज्यघटनेचा आराखडा म्हणून मोतीलाल नेहरूंच्या समितीने तयार केलेला अहवाल तिच्यापुढे होता. बॅरिस्टर जिना यांनी त्यात काही दुरुस्त्या मागितल्या. मध्यवर्ती कायदेमंडळात मुसलमानांना एक तृतीयांश जागा असाव्यात आणि शेषाधिकार प्रांतांकडे असावेत, या त्यांतल्या प्रमुख होत्या. सर तेजबहादूर सप्रू यांचे मत पडले की, एवढ्याने समेट होत असेल तर जिनांना हवे ते देऊन टाकावे. जयकर विरोधात उभे राहिले. जिनांच्या मागे मुसलमान समाजाचा फार थोडा भाग आहे आणि एकदा ठरलेला मजकूर पुन्हा उघडला तर दुसरी बाजूही उठेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. परिषदेने दुरुस्त्या फेटाळल्या. पुढे मार्च १९२९ मध्ये जिनांनी आपले चौदा मुद्दे मांडले आणि वाटा वेगळ्या होत गेल्या.

फाळणीचे सारे खापर एका परिषदेवर आणि एका माणसावर फोडणे अन्यायाचे होईल. अनेक हात त्यात होते. पण दार किलकिले होते त्या दिवशी जयकरांनी ते लावून घेण्याच्या बाजूने मत दिले, एवढे खरे. वकील म्हणून त्यांचे मुद्दे बिनतोड असतील. वादात जिंकणे आणि माणूस जोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत हेच जयकर मध्यस्थ म्हणून आपल्या पुण्यात येताना दिसतात. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहामुळे गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते, तर मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरू अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात. सप्रू आणि जयकर व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांची संमती घेऊन या दोन तुरुंगांमध्ये निरोप नेऊ-आणू लागले. जुलैत ते गांधीजींना येरवड्याला भेटले, तेथून नैनीला गेले आणि जयकर पुन्हा येरवड्याला आले. ऑगस्टमध्ये नेहरू पितापुत्रांना खास गाडीने पुण्यास आणण्यात आले आणि १३ ते १५ ऑगस्ट या दिवसांत येरवड्याच्या तुरुंगात सर्वांची एकत्र बोलणी झाली. वल्लभभाई पटेल आणि सरोजिनी नायडूही तेथे होत्या.

बोलणी फिसकटली. सरकारला वाटले की काँग्रेस फार मागते, काँग्रेसला वाटले की सरकार काहीच देत नाही. अशा वेळी मधल्या माणसाच्या वाट्याला काय येते, हे ज्यांनी कधी दोन भावांत समेट घडविण्याचा यत्न केला आहे त्यांना सांगायला नको. दोन्हीकडचे लोक त्याला दुसऱ्या बाजूचा समजतात. परंतु सप्रू आणि जयकर यांनी वाट सोडली नाही. काही महिन्यांनी त्यांनी पुन्हा प्रयत्न केले आणि ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला.

१९३२ साली प्रसंग याहून कठीण आला. ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य मानलेल्या समाजाला स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. हिंदी ख्रिस्ती लोकांनाही त्याच निवाड्यात स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते. अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्यात प्राणांतिक उपोषण सुरू केले. तोडगा काढण्यासाठी धावलेल्यांत सप्रू आणि जयकर होते. २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. त्यावर डॉ. आंबेडकरांची सही आहे, तशी जयकरांचीही आहे. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, परंतु स्वतंत्र मतदारसंघ गेले.

या कराराकडे आपण भाबडेपणाने पाहू नये. एका बाजूला एका महान नेत्याचे प्राण पणाला लागले होते आणि दुसऱ्या बाजूला शतकानुशतके दडपलेल्या समाजाचा एक प्रतिनिधी सर्व देशाचा दबाव अंगावर घेऊन बसला होता. बाबासाहेबांनी पुढे या करारावर कठोर टीका केली आणि आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबांना ती टीका मनापासून पटते. संत थॉमस ॲक्वायनस यांनी येथे एक उपयोगी भेद केला आहे. शांती ही मुळात प्रीतीची निर्मिती आहे. न्यायाचे काम शांतीच्या वाटेतील अडथळे दूर करण्याचे आहे. अडथळे जागच्या जागी ठेवून केलेला समेट म्हणजे भांडण तात्पुरते थांबविणे होय. जयकरांनी पुण्यात एक जीव वाचविण्यास आणि तोडगा काढण्यास हातभार लावला. अडथळे मात्र शिल्लक राहिले, आणि ते दूर करण्याची जबाबदारी सह्या करणाऱ्या सर्वांची होती.

१ ऑक्टोबर १९३७ रोजी दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झाले. सर मॉरिस ग्वायर हे मुख्य न्यायाधीश, सर शाह महंमद सुलेमान आणि जयकर हे दोन न्यायाधीश. १९३९ साली जयकरांची नेमणूक लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर झाली. त्या काळी हिंदी वकिलाला याहून वरची पायरी नव्हती. ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की, काही ठिकाणी लोक न्यायाधीशाला मध्यस्थ म्हणतात, कारण जो मध्य गाठतो तो न्याय गाठतो. जयकरांना हे दोन्ही प्रकारे लागू पडते.

९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत घटना समितीची पहिली बैठक भरली. मुस्लिम लीगने बहिष्कार घातला होता. लीगच्या सभासदांच्या जागा रिकाम्या होत्या. १३ डिसेंबरला जवाहरलाल नेहरूंनी स्वतंत्र सार्वभौम प्रजासत्ताकाचा उद्दिष्टांचा ठराव मांडला. सभागृह भारावून गेले होते. १६ डिसेंबरला जयकर उभे राहिले आणि त्यांनी दुरुस्ती सुचविली की, मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत हा ठराव पुढे ढकलावा. जे हजर नाहीत त्यांच्याशिवाय त्यांचे भवितव्य ठरवू नये, असा त्यांचा आग्रह होता.

बंधुभगिनींनो, येथे थोडे थांबावे. १९२८ साली जिना समोर उभे राहून मागत होते, तेव्हा जयकरांनी नको म्हटले. अठरा वर्षांनंतर जिनांचे लोक आलेच नव्हते, तेव्हा त्यांच्या रिकाम्या जागांसाठी थांबा असे सांगणारे जयकरच होते. त्यांच्या मनात कलकत्त्याची आठवण होती की नाही, हे देवालाच ठाऊक. पण माणसाचे वळण बदलते ते असे. त्र्याहत्तर वर्षांच्या वयात, भरलेल्या सभागृहाच्या नाराजीला तोंड देत, ते जे हजर नव्हते त्यांच्या बाजूने बोलले.

सभागृहात त्यांच्यावर टीका झाली. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकर बोलले आणि त्यांनी जयकरांच्या भूमिकेला पाठिंबा दिला. ज्यांच्याशी जयकर येरवड्यात वाटाघाटी करीत होते, तेच दिल्लीत त्यांच्या बाजूने उभे राहिले. ठरावावरील मतदान जानेवारीवर गेले. लीग काही आली नाही आणि २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव संमत झाला. जयकरांनी त्यानंतर घटना समिती सोडली.

परंतु देवाच्या योजनेत रिकामी जागाही वाया जात नाही. आंबेडकर बंगालमधून निवडून आले होते. फाळणीमुळे त्यांची ती जागा गेली. तेव्हा डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना कळविले की, जयकरांनी मोकळी केलेली जागा आंबेडकरांना द्यावी. त्याप्रमाणे जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून निवडून आले आणि २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष झाले. ज्या राज्यघटनेच्या आधाराने आपण आज आपला धर्म मोकळेपणी पाळतो, तिच्या शिल्पकाराला घटना समितीत परत बसण्यासाठी मिळाली ती जयकरांची जागा.

निवृत्त होऊन घरी बसण्याचे हे वय. त्याऐवजी जयकर पुण्याला आले. महाराष्ट्रासाठी वेगळे विद्यापीठ असावे की नाही याचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने पूर्वी जी समिती नेमली होती, तिचेही अध्यक्ष जयकरच होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचा कायदा संमत झाला आणि पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असलेले जयकर पहिले कुलगुरू झाले. सुरुवातीचा कारभार निझाम गेस्ट हाउसमधून चालला. पुढे विद्यापीठ गणेशखिंडीच्या विस्तीर्ण आवारात गेले. तेथील मुख्य इमारत १८७१ साली पूर्ण झाली होती आणि मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात तेथे राहत. जेथे राज्यकर्त्यांच्या मेजवान्या होत, तेथे शेतकऱ्यांची आणि कामगारांची मुले पदव्या घेऊ लागली.

आरंभी विद्यापीठाचे क्षेत्र बारा जिल्ह्यांचे होते आणि त्याला १८ महाविद्यालये जोडलेली होती. नवे विद्यापीठ म्हणजे नुसती इमारत नव्हे. अभ्यासक्रम, परीक्षा, प्राध्यापकांच्या नेमणुका, महाविद्यालयांची आपापसांतील चढाओढ, सरकारकडून येणारा पैसा, या सर्वांतून वाट काढावी लागते. पंचवीस वर्षे भांडणाऱ्यांमध्ये बसलेल्या माणसाचा अनुभव येथे उपयोगी पडला. १९५६ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले आणि त्यांच्यानंतर रँग्लर परांजपे कुलगुरू झाले. २०१४ पासून विद्यापीठ सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करीत आहे. जयकरांनी आपल्या आठवणी इंग्रजीत दोन खंडांत लिहिल्या. १० मार्च १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कितीतरी मध्यस्थ्या फसल्या. १९३० ची फसली, १९४६ ची फसली. तरीही त्यांचे जीवन फसले असे आम्हांला वाटत नाही. मध्यस्थाच्या कामाचे मोल दोन्ही पक्षांनी ऐकले की नाही यावर ठरत असते, तर आपल्या प्रभूच्या कामाविषयी आपण काय म्हटले असते? तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौल येशू ख्रिस्ताला देव आणि मानव यांच्यातील एकमेव मध्यस्थ म्हणतो. तो मध्यस्थ क्रुसावर गेला. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने शांती करणाऱ्यांना धन्य म्हटले, यशस्वी होणाऱ्यांना असे वेगळे म्हटले नाही.

आपल्या धर्मग्रामातही भांडणे आहेत. वडिलांच्या पश्चात घराच्या वाटणीवरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. सून माहेरी जाऊन बसते आणि दोन्ही घरांतील वडीलधारे आपापल्या मानापमानाला कुरवाळत राहतात. मिस्सेला एकाच चर्चमध्ये येतात, पण शांतीची खूण देण्याची वेळ आली की तोंडे फिरवतात. अशा वेळी आमच्याकडे येणारे बहुतेक जण आपली बाजू किती बरोबर आहे हेच सांगतात, आणि पुष्कळदा ती बरोबरही असते. कलकत्त्याला जयकरांचीही बाजू पक्की होती.

म्हणून या आठवड्यात आम्ही तीन गोष्टी सुचवितो. ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत एकदा स्वतःशी मांडून पाहावे. कुटुंबाची बैठक घ्याल तेव्हा आधी पाहावे की कोण आलेले नाही, कोणाला बोलावलेले नाही, आणि त्याच्यासाठी थांबावे. मध्यस्थी करण्याची पाळी आली तर जो दुबळा आहे त्याच्यावर सर्वांचा दबाव पडू देऊ नये, नाहीतर कागदावर समेट होईल आणि मनात जखम राहील.

आणि त्यातूनही समेट झाला नाही, तर निराश होऊ नये. आपण मोकळ्या केलेल्या जागेवर देव कोणाला आणून बसवील, हे आपल्याला आज दिसत नाही.

शांतीचा राजा प्रभू येशू आपल्या प्रत्येक घराला शांती देवो.

— आपले धर्मगुरू